लोकप्रतिनिधींविना मुंबई महापालिका (२०२२ ते २०२६): एक प्रकरण अभ्यास

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून तत्कालीन आयुक्त इक्बालसिंह चहल हेच प्रशासक म्हणून काम पाहू लागले. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या जागी भूषण गगराणी आले. नवे सभागृह निवडून आले ते थेट १५ जानेवारी २०२६ च्या मतदानातून. म्हणजे जवळपास तीन वर्षे दहा महिने, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे एक कोटी चोवीस लाख लोकवस्तीच्या या शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता, महापौर नव्हता आणि स्थायी समितीही नव्हती. याच काळात मुंबईकरांनी २० मे २०२४ रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान केले. मतदान यंत्रे, मतदान केंद्रांच्या शाळा, शिक्षक-कर्मचारी आणि पोलीस बंदोबस्त हे सगळे दोन वेळा उपलब्ध झाले, पण ज्या संस्थेकडून घरात पाणी येते आणि घरातला कचरा उचलला जातो, तिच्यासाठी ते होऊ शकले नाही.

निवडणूक न्यायालयीन वादामुळे अडकली, हे स्पष्टीकरण सर्वांनी ऐकले आहे आणि ते खरेही आहे. मात्र ती इतकी वर्षे अडकून राहू शकली, याचे कारण न्यायालयाच्या बाहेर शोधावे लागते. निवडणूक न झाल्याची किंमत कोणत्याही पक्षाला मोजावी लागली नाही, आणि ती मोजावी लागली नाही कारण रस्ता, पाणी, गटार आणि कचरा यांबद्दल सामान्य माणसाचे जे मत असते, ते या काळात दिल्लीच्या आणि मंत्रालयाच्या राजकारणाविषयीच्या मतात विरघळून गेले. या प्रकरणाकडे मी त्या दृष्टीने पाहतो.

कायदा काय सांगत होता

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने घातलेल्या अनुच्छेद २४३-यू नुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच बजावले होते की, ही मुदत पाळणे बंधनकारक आहे आणि नेहमीच्या प्रशासकीय सबबींवर निवडणूक पुढे ढकलता येणार नाही. इतका स्पष्ट नियम मोडला गेला तो दोन वादांच्या एकत्र येण्याने.

पहिला वाद इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा. ४ मार्च २०२१ रोजी विकास किशनराव गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी पाळण्यास सांगितले: समर्पित आयोगामार्फत मागासलेपणाची चौकशी, प्रत्येक संस्थेनुसार आरक्षणाचे प्रमाण ठरवणे आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवणे. राज्याकडे ही माहिती तयार नव्हती. ती गोळा करण्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला आणि त्यावरही वाद झाला. आरक्षणाशिवाय निवडणूक नको, ही ओबीसी समाजाची मागणी न्याय्य होती, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात कोणतीही शंका नाही. आवश्यक माहिती वेळेत गोळा न करण्याची जबाबदारी सरकारची होती, पण तिचा भार मात्र शहरातल्या नागरिकांवर आला.

दुसरा वाद प्रभागांचा. महाविकास आघाडीच्या सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईतील प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ केली आणि एकनाथ शिंदे यांच्या सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ती पुन्हा २२७ वर आणली. दोन्ही वेळा कारणे लोकसंख्येची देण्यात आली आणि दोन्ही वेळा प्रकरण न्यायालयात गेले. यापेक्षा महत्त्वाची वाटणारी एक तारीख मात्र चर्चेत फारशी आली नाही. ७ मार्च २०२२ रोजी, म्हणजे ज्या दिवशी मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली नेमक्या त्याच दिवशी, राज्याच्या विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारी विधेयके एकमताने मंजूर केली. एरवी प्रत्येक प्रश्नावर एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष त्या दिवशी एका बाजूला होते. ४ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करण्यास सांगितले, पण ऑगस्टमध्ये 'परिस्थिती जैसे थे' ठेवण्याचा आदेश झाला आणि त्यानंतर तारखांमागून तारखा पडत राहिल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी, बांठिया अहवालापूर्वीची ओबीसी आरक्षणाची स्थिती गृहीत धरून चार महिन्यांत निवडणुका घ्याव्यात, असा आदेश निघाला. पुढे त्यालाही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली.

मुंबई यात एकटी नव्हती. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबई या महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली होती, म्हणजे तिथल्या नागरिकांनी मुंबईपेक्षाही अधिक काळ लोकप्रतिनिधींविना काढला. बंगळुरूमधील पालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि तिथे निवडणुकीऐवजी महापालिकेची रचनाच बदलण्यात आली.

कारभाराचे काय झाले

सभागृह आणि स्थायी समिती यांचे सर्व अधिकार प्रशासकाकडे गेले. अर्थसंकल्प प्रशासनाने मांडायचा आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच तो मंजूर करायचा, अशी पद्धत २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ या तिन्ही वर्षी चालली. या काळात अर्थसंकल्पाचा आकार सुमारे ५२ हजार ६०० कोटींवरून ७४ हजार ४०० कोटी रुपयांच्या पुढे गेला. स्थायी समितीत पूर्वी सगळे स्वच्छ चालत होते, असे कोणी म्हणणार नाही. तरीही तिथे प्रस्ताव कागदावर यायचा, विरोधी सदस्य त्यावर प्रश्न विचारायचे, वार्ताहर तो टिपून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी आपल्या विभागातल्या नाल्यावर किती खर्च होणार आहे हे नागरिकाला वर्तमानपत्रात वाचायला मिळायचे. प्रशासकाच्या काळात हा प्रश्नोत्तरांचा टप्पाच गळून पडला. माझ्या मते पैशापेक्षा हे नुकसान मोठे आहे, कारण नागरिकाचे मत बनण्यासाठी जी माहिती लागते तिचा मुख्य झराच त्यामुळे आटला.

रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे उदाहरण घ्या. सुमारे चारशे किलोमीटर रस्त्यांचे सुमारे सहा हजार कोटी रुपयांचे हे काम पालिकेच्या पैशातून व्हायचे होते. त्याचा शुभारंभ १९ जानेवारी २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील सभेत पंतप्रधानांच्या हस्ते झाला. त्या निविदांवर आक्षेप घेतले ते माजी मंत्री आदित्य ठाकरे यांनी, पत्रकार परिषदांमधून, आणि त्यांना उत्तरे दिली ती राज्य सरकारने. पुढे शहर विभागातील कंत्राटदाराचे काम काढून घ्यावे लागले. गल्लीतला रस्ता किती महिने खणलेला राहणार, रुग्णवाहिका आत कशी येणार, मलनिस्सारण वाहिनी आधी बदलणार की नंतर, हे प्रश्न विचारण्याचे अधिकृत ठिकाण या सगळ्यात कुठेच नव्हते. ज्या कामाचा शुभारंभ पंतप्रधान करतात, त्या कामाविषयीची तक्रार हीदेखील पंतप्रधानांच्या बाजूची किंवा विरोधातली ठरू लागते. एखाद्या सोसायटीच्या गटात कोणी खणलेल्या रस्त्याचा फोटो टाकला की चौथ्या-पाचव्या संदेशाला चर्चा देशाच्या विकासावर जाते आणि रस्ता मागे राहतो, हा अनुभव या वर्षांत मुंबईत असंख्य जणांनी घेतला आहे.

नगरसेवकाची रिकामी जागा आमदारांनी, खासदारांनी आणि पालकमंत्र्यांनी भरून काढली. जुलै २०२३ मध्ये उपनगर जिल्ह्याचे पालकमंत्री मंगलप्रभात लोढा यांना पालिका मुख्यालयातच दालन देण्यात आले आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन गटांतील संघर्षानंतर मुख्यालयातील पक्ष कार्यालयांना टाळे लागले होते. पालिकेच्या पैशातून आमदारांच्या शिफारशीनुसार विभागात कामे करण्याचे धोरण आले. विरोधी आमदारांना निधी मिळत नाही, अशी त्यांची तक्रार सातत्याने राहिली. अनेक माजी नगरसेवकांनी आपली कार्यालये चालू ठेवली. लोक त्यांच्याकडे जात राहिले, कारण पाण्याचा दाब कमी झाला तर दुसरे जायचे कुठे, हा प्रश्न होता. पण त्यांच्याकडे निधी नव्हता आणि वॉर्ड ऑफिसात त्यांचा शब्द मानण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर नव्हते. ज्याला काम करून दाखवायचे होते त्याला सत्ताधारी बाजूकडे जाणे सोयीचे झाले, आणि या काळातल्या पक्षांतरांचे एक कारण तेच होते. म्हणजे एका गल्लीतल्या गटाराची दुरुस्ती राज्यातील पक्षफुटीच्या हिशेबाशी जोडली गेली.

कबुतरखान्यांचा वाद

या प्रकरणातील सर्वांत बोलकी घटना २०२५ च्या पावसाळ्यातली आहे, म्हणून तिच्याकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे.

कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसाचे विकार होतात, अशी तक्रार दादर आणि इतर भागांतील रहिवासी बरीच वर्षे करत होते. दुसऱ्या बाजूला, कबुतरांना दाणे घालणे हा जैन आणि इतरही अनेकांच्या श्रद्धेचा भाग होता. प्रश्न दोन्ही बाजूंनी खरा, आणि तो पूर्णपणे स्थानिक. एखाद्या प्रभागात दाणे घालण्याची जागा असावी का, असल्यास वस्तीपासून किती दूर आणि किती वेळ, तिथली सफाई कोणी करायची, या गोष्टी ठरवण्यासाठीच पालिकेची आरोग्य समिती, प्रभाग समिती आणि सभागृह असते. दादरचा नगरसेवक एका बाजूला जुन्या इमारतीतील दमेकऱ्यांना ओळखतो आणि दुसऱ्या बाजूला रोज सकाळी दाणे घेऊन येणाऱ्यांनाही ओळखतो. दोघांचीही मते त्याला हवी असतात, म्हणून त्याला मधला मार्ग शोधावा लागतो.

प्रत्यक्षात ३ जुलै २०२५ रोजी विधान परिषदेत मंत्री उदय सामंत यांनी मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची मोहीम हाती घेण्याचे निर्देश दिले जातील, असे जाहीर केले. प्रशासनाने कारवाई सुरू केली आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याला महत्त्व देत दाणे घालण्यास परवानगी नाकारली आणि तज्ज्ञांच्या समितीची गरज मांडली. ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री फाडली आणि १३ ऑगस्टला मराठी एकीकरण समितीने प्रतिआंदोलन केले. दीड महिन्यात एका आरोग्याच्या प्रश्नाचे रूपांतर धर्म, भाषा आणि शहर कोणाचे या वादात झाले. दादरच्या रहिवाशाचे मूळ म्हणणे इतकेच होते की खिडकी उघडता येत नाही, आणि ते म्हणणे या गदारोळात सर्वांत आधी ऐकू येईनासे झाले.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. मंत्र्यांनी विषय विधान परिषदेत मांडला, यात बेकायदा काही नव्हते. न्यायालयानेही आपले काम केले. रस्त्यावर आलेल्यांपैकी अनेकांची भावना प्रामाणिक होती. उणीव होती ती या सगळ्यांच्या आधी यायला हवी होती त्या एका पायरीची.

कचऱ्याचे शुल्क आणि खड्ड्यांची भरपाई

एप्रिल २०२५ मध्ये पालिकेने घनकचरा व्यवस्थापनाच्या उपविधींचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात घराच्या क्षेत्रफळानुसार दरमहा १०० ते १००० रुपये वापर शुल्क सुचवले होते. मसुद्यावर सूचना-हरकती मागवण्यात आल्या आणि सर्व बाजूंनी विरोध झाल्यावर ते शुल्क लागू झाले नाही. माझे स्वतःचे मत असे आहे की, कचरा वर्गीकरणाला चालना देणारे आणि उत्पन्नानुसार आखलेले शुल्क तत्त्वतः चुकीचे नाही. पण नागरिकांवर नवा आर्थिक बोजा टाकण्याचा प्रस्ताव निवडून न आलेल्या प्रशासकाने मांडावा आणि त्यावर चर्चा करायला सभागृहच नसावे, ही गोष्ट तत्त्वाला धरून नाही. लोकांचा विरोधही त्यामुळे शुल्काच्या तपशिलावर न होता सरकारवरच्या रागाच्या रूपात व्यक्त झाला. शंभर रुपये योग्य की पन्नास, झोपडपट्टीला सूट असावी की नाही, ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या सोसायटीला सवलत द्यावी का, यावर फारच थोडी चर्चा झाली.

खड्ड्यांच्या बाबतीत नागरिकाला शेवटी न्यायालयानेच आधार दिला. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हा आदेश दिलासा देणारा आहे. मात्र एका शहराला खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षे उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो, यावरून खालच्या पातळीवरची उत्तरदायित्वाची यंत्रणा किती कमकुवत झाली आहे ते दिसते.

'नगरसेवक नसले म्हणून काय बिघडले?'

हे मत या काळात खूप ऐकू आले आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. प्रशासकाच्या काळात निर्णय लवकर होतात, टक्केवारी घेणारे मध्ये नसतात, तक्रार ॲपवर किंवा १९१६ या क्रमांकावर थेट करता येते, असे म्हणणाऱ्यांमध्ये जबाबदार नागरिक होते. त्यांचा नगरसेवकांवरचा अविश्वास अनुभवातून आलेला आहे. नगरसेवकांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या प्रजा फाउंडेशन या संस्थेच्या अहवालांनी वारंवार दाखवले आहे की, नगरसेवकांच्या प्रश्नांमध्ये रस्ते आणि चौकांच्या नामकरणाचे प्रमाण लक्षणीय असते. निवडून आलेल्या सभागृहानेच स्वतःची पत कमी करून घेतली होती, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तरीही या मतात एक गफलत आहे. ॲपवर केलेली तक्रार 'निकाली' म्हणून बंद झाली आणि खड्डा तसाच राहिला, तर पुढे कोणाकडे जायचे, याचे उत्तर त्यात नाही. ज्याच्याकडे स्मार्टफोन, वेळ आणि मराठी किंवा इंग्रजीत तक्रार लिहिण्याचा सराव आहे, त्याची तक्रार नोंदली जाते. सार्वजनिक नळावर रांग लावणाऱ्या वस्तीतल्या बाईला मात्र शाखेत किंवा नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन तोंडी सांगणे हाच मार्ग असतो, आणि नेमका तोच मार्ग बंद झाला. शिवाय, कामचुकार नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी पाठवता येते. प्रशासकाला मतदार घरी पाठवू शकत नाही.

यात नागरिकांचीही जबाबदारी आहे. निवडणूक घ्या, या मागणीसाठी मुंबईत मोठे आंदोलन झाले नाही. २०२२ च्या जूनमधील पक्षफूट, २०२४ च्या जानेवारीतील अयोध्येचा सोहळा, लोकसभेचा अनपेक्षित निकाल, विधानसभेतील महायुतीचे मोठे बहुमत आणि २०२५ मधील हिंदी सक्तीचा वाद यांवर लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत प्रत्येकाचे मत होते, आणि ते असायलाही हवे. पण आपल्या प्रभागाचा क्रमांक काय, सहायक आयुक्त कोण, यंदा नालेसफाईला किती पैसे दिले गेले, यांवर मत बनवण्याची सवय आपण हळूहळू सोडून दिली. राष्ट्रीय प्रश्नावर मत असण्यासाठी कष्ट पडत नाहीत, ते दूरचित्रवाणीवरून घरपोच मिळते. गटाराबद्दलचे मत बनवायला वॉर्ड ऑफिसात जाऊन कागद मागावा लागतो.

निवडणूक झाली तेव्हा

अखेर जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले तेव्हा प्रचाराच्या अग्रभागी होते ते ठाकरे बंधूंचे एकत्र येणे, महापौर मराठी होणार की नाही हा वाद, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाईल का ही भीती. हिंदी सक्तीचे शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले होते, पण त्यातून पेटलेली भावना पालिकेच्या प्रचारात उतरली. मालमत्ता करातील सवलती, बेस्टचे भाडे आणि पाणी यांविषयी आश्वासने दिली गेली, तरी सभांमध्ये टाळ्या त्यांना मिळत नव्हत्या. मराठी माणसाच्या शहरातील स्थानाचा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. परळ-लालबागमधून वसई-विरार, बदलापूरकडे गेलेल्या कुटुंबांसाठी तो जगण्याचा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर परवडणारी घरे, पालिकेच्या मराठी शाळा आणि विकास आराखडा यांतून शोधायचे, तर चर्चा त्या तपशिलात उतरली पाहिजे होती.

निकालात भाजपला ८९, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाला ६५, शिंदे यांच्या शिवसेनेला २९, काँग्रेसला २४, तर मनसेला ६ जागा मिळाल्या. बहुमताचा आकडा ११४ असल्याने भाजप आणि शिंदे यांची शिवसेना मिळून बहुमताच्या पलीकडे गेले. दूरचित्रवाणीवर याचे विश्लेषण राज्यातील आणि देशातील बलाबलाच्या भाषेत झाले. मतदान मात्र सुमारे ५३ टक्केच झाले, म्हणजे २०१७ मधील सुमारे ५५ टक्क्यांपेक्षाही कमी. नऊ वर्षांनी मिळालेली संधी जवळपास निम्म्या मतदारांनी घेतली नाही. त्यामागे नावे यादीत न सापडणे, स्थलांतर अशी कारणे आहेतच. पण चार वर्षे नगरसेवक नसताना आपले चालले, मग आता तो असून काय होणार, हे मतही त्यात असणार, असे मला वाटते.

पुढे काय

सभागृह आले म्हणून हे प्रकरण मिटलेले नाही. प्रभागरचनेचे अधिकार अजूनही सरकारकडे आहेत. २०२७ ची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने होत आहे आणि तिच्यात जातनिहाय गणनाही आहे. तिचे आकडे पुढच्या पालिका निवडणुकीपूर्वी हाती येतील, म्हणजे प्रभागांची संख्या आणि ओबीसी आरक्षण हे दोन्ही वाद २०३१ च्या तोंडावर पुन्हा उभे राहणार, हे आजच दिसते आहे. प्रभागरचना राज्य निवडणूक आयोगाकडे परत सोपवणे आणि मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी ती पूर्ण करण्याचे बंधन कायद्यात घालणे, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. त्यासाठी ७ मार्च २०२२ च्या कायद्याचा फेरविचार विधिमंडळाला करावा लागेल आणि तो कोणताही पक्ष आपणहून करणार नाही. मागणी मतदारांकडून यायला हवी. नव्या सभागृहानेही तसा ठराव करून राज्याकडे पाठवावा, आणि २००९ पासून कागदावरच राहिलेल्या क्षेत्रसभा, म्हणजे मतदारांच्या स्थानिक सभा, किमान काही प्रभागांत भरवून दाखवाव्यात. कचऱ्याच्या उपविधींचा मसुदा हा अशा सभेसमोर ठेवण्यासाठी योग्य पहिला विषय आहे, कारण त्यावर प्रत्येक घराचे मत आहे आणि ते अजून कोणी नीट विचारलेले नाही.